कोवोच वाटून झाल्यावर

“मग जाहीर कशाला केलास? करायचाच नव्हता, तर साऱ्या जगासमोर जाहीर कशाला केलास?”

“जाहीर करणं वेगळं आणि करणं वेगळं, यागोदा. इतकी वर्षं इथे काढलीस, आता हेही मीच शिकवू?”

“शिकवू नकोस. एवढंच सांग, ‘निसा’ बंद कधी झाली? काल? की गेल्या आठवड्यात?”

“बंद नाही केली. झोपवलीय.”

“झोपवलीय! तान्हं बाळ आहे का ते?”

“हळू बोल. पोरं ऐकतायत.”

“ऐकू देत की! त्यांचेही खेळ एक दिवस असेच झोपणार आहेत. अंगाईची सवय होऊ दे त्यांना.”

रादोशने कॉफीच्या यंत्राचं बटण दाबलं. यंत्र घशात काहीतरी अडकल्यासारखं घरघरलं. व्हिडिओ गेमच्या स्टुडिओतल्या त्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात दोघंच उभी होती, पण दार काचेचं होतं, आणि काचेपलीकडे माना मोडून संगणकांच्या पडद्यांत डोकी घातलेली पोरं एक शब्द न सोडता ऐकत होती. कानांवर हेडफोन सगळ्यांच्याच होते. गाणं मात्र कुणीच लावलं नव्हतं.

“आकडा आला नाही,” रादोश म्हणाला. “लोकांनी इंटरनेटवरच्या पानावर येऊन खुणा करायच्या असतात, हा खेळ आला की आम्हाला कळवा म्हणून. पुरेशा आल्या नाहीत. मी काय करू?”

“पुरेशा म्हणजे किती?”

“पुरेशा म्हणजे... पुरेशा.”

“रादोश, माझ्याकडे बघ. आकडा ठरला होता की नव्हता?”

रादोशने कपात बघितलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा कपात.

“नव्हता,” तो म्हणाला. “हे बघ, प्रकाशकाशी करार आधीच झाला होता. त्यांना भुताटकीचे दोन खेळ हवेत. माझ्याकडे माणसं मोजकी. त्यातली चार तुझ्या नदीच्या खेळावर धाडली तर भुतं कोण नाचवणार?”

“आधी म्हणजे कधी? फिल्म दाखवायच्या आधी?”

“फिल्म करायला घेतली, त्याच्या आधी.”

यागोदाने हातातला कप ओट्यावर ठेवला.  

“माझा बाप येतोय आज,” ती म्हणाली. “आवाज द्यायला. तूच बोलावलंयस त्याला.”

“आज? अरे देवा. फोन करून परत पाठव ना.”

“गाडीत बसलाय तो. आणि गाडीत बसला की फोन बंद करतो. बॅटरी वाचवायला.”

यागोदा कुलिक चाळिशीला टेकली होती, आणि तिचं शाळेआधीचं सगळं आयुष्य पाण्यावर गेलं होतं. बाप गेरार्ड ओद्रा नदीवर बार्ज, म्हणजे मालवाहू सपाट बोट चालवायचा. कोझ्लेच्या बंदरात कोळसा भरायचा आणि बोटीला पाण्याबरोबर चढवणारे-उतरवणारे नदीचे दरवाजे एकामागून एक उघडून घेत खालच्या गावांना पोचवायचा. बार्जचं नाव निसा. तिच्या शेपटाकडे एकच खोली होती. त्यात आई, बाप, यागोदा, लोखंडी चूल आणि खिडकीत जिरॅनियमची कुंडी. यागोदा चालायला लागली तेव्हा आईने तिच्या कमरेला दोरी बांधली आणि दुसरं टोक कठड्याला. बार्जवरची सगळीच पोरं अशी दावणीला बांधून वाढायची. पुढे तिला कोझ्लेच्या वसतिगृहात ठेवलं, तर पहिले काही दिवस पोरगी झोपेना. पलंग हलतच नाही म्हणून तक्रार.

मग नदीवरचा धंदा आटला. कोळसा रेल्वेने जायला लागला, नंतर तोही जायचा थांबला. निसा कापून भंगारात गेली तेव्हा गेरार्ड धक्क्यावर उभा राहून बघत होता. “कापणाऱ्याचा हात चांगला होता,” एवढंच घरी येऊन बोलला. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात यागोदाची आई वारली. तेव्हापासून म्हातारा बंदरामागच्या इमारतीत एकटा राहतो, जिथल्या प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी जुना बार्जवाला किंवा त्याची विधवा आहे.

यागोदा चित्रं काढायची. त्या जोरावर ओपोलेच्या कठपुतळी नाट्यगृहात तिला काम मिळालं, नेपथ्य उभं करायचं. समोरून राजवाडा, मागून फळ्या आणि खिळे. तिथेच तिला रादोश भेटला. तो दिवे सांभाळायचा. गमत्या माणूस, तोंडाने गोड. उशीर झाला की दिग्दर्शकालाही हसवून सुटायचा. दोघांनी मिळून किती महाल, किती जंगलं उभी केली आणि उतरवली याला गणती नाही. पुढे रादोशने व्रोत्स्वाफ शहरात येऊन व्हिडिओ गेमचा स्टुडिओ काढला. नाव ठेवलं ‘मोक्रा सोवा’, म्हणजे भिजलेलं घुबड. यागोदाला बोलावणं आलं. “तेच काम आहे,” तो म्हणाला. “फक्त खिळे नाहीत.”

आणि खरंच तेच काम होतं. मोक्रा सोवाची रीत अशी, की खेळ करायच्या आधी त्याची फिल्म करायची. दोन मिनिटांची, डोळे दिपवणारी. ती मोठ्या घोषणांच्या कार्यक्रमात झळकवायची, पान उघडायचं आणि बसायचं वाट बघत. खुणांचा पाऊस पडला तर खेळ करायला घ्यायचा. नाही पडला तर पान तसंच सोडून पुढच्या फिल्मला लागायचं. ‘लवकरच येत आहे’ या शब्दांखाली कितीतरी खेळ असे निपचित पडले होते. कुणी विचारलंच तर रादोश लिहायचा, “आम्ही मन लावून काम करतो आहोत.”

फिल्म करायची यागोदा. कॅमेरा जिथून जाणार तेवढंच ती उभं करायची. वाड्याचं एक तोंड, रस्त्याची एक बाजू. कॅमेरा जरा जास्त वळला असता तर नुसती पोकळी दिसली असती. नाटकात प्रेक्षकाला ठाऊक असतं की महालाला मागची भिंत नाही, आणि ठाऊक असूनही तो टाळ्या वाजवतो. इथे लोकांना ठाऊक नव्हतं. पहिल्या वर्षी हे तिला खुपलं. दुसऱ्या वर्षी तिने तो खुपणारा काटा मनाच्या मागच्या खोलीत ढकलला आणि दाराला जड बोचकं लावून ठेवलं.

गेल्या हिवाळ्यात रादोश तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर येऊन बसला.

“शेअरवाल्यांची सभा आहे वसंतात. म्हणतात, तुमच्याकडे नुसतं रक्तच रक्त. काहीतरी काळजाला हात घालणारं दाखवा. आहे का तुझ्याकडे काही?”

आता, काही गोष्टी माणूस जपून ठेवतो त्या न देण्यासाठीच. पण नेमक्या माणसाने नेमक्या वेळी मागितल्या की हात आपोआप पुढे होतो. यागोदाने त्याला निसा सांगितली. कोळसा, दरवाजे, धुकं, कमरेची दोरी. खेळणाऱ्याने बार्ज चालवायची, घर सांभाळायचं, नदीकाठची माणसं ओळखीची करून घ्यायची, इतकंच.  ऐकता ऐकता रादोशचे डोळे भरले, आणि ते पाणी खोटं नव्हतं. हे तिला आजही पटतं, आणि त्याचाच तिला जास्त राग येतो.

“पण हा खरा करायचा,” ती म्हणाली. “नुसती फिल्म नाही. शब्द दे.”

“दिला.”

आणि पहिल्या प्रयोगाआधी नाटकवाले मारतात तशी त्याने गुडघ्याने तिला मागून एक हलकीशी लाथ मारली, शुभ म्हणून. अशा लाथेला ‘थँक्यू’ म्हणायचं नसतं. म्हटलं की शुभ उतरतं. ती म्हणाली नाही.

फिल्ममध्ये धुक्यातून निसा येते आणि गेरार्डचा खरखरीत आवाज म्हणतो, “दोर सोड, पोरी. नदी थांबत नाही.” एवढंच वाक्य. त्यासाठी म्हातारा आदल्या खेपेला व्रोत्स्वाफला आला होता आणि ते चौदा वेळा म्हणून गेला होता, दर वेळी वेगळ्या माणसाला म्हटल्यासारखं.

घोषणा झाली तेव्हा कोझ्लेला बार्जवाल्यांच्या क्लबात मोठा टीव्ही लावला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गेरार्डचा फोन.

“फ्रेलका,” तो म्हणाला. तिकडे पोरीला फ्रेलका म्हणतात, आणि चाळिशीतही तो तिला तेच म्हणायचा. “फ्रेलका, क्लबातल्या म्हाताऱ्या रडल्या काल. मी बेकरीत कोवोच सांगायचं म्हणतोय. वाटतो सगळ्यांना.”

इथे यागोदा थबकली होती. कोवोच म्हणजे चौकोनी गोड वड्या, खसखशीच्या, पनीरच्या, सफरचंदाच्या. एरवीही खातात, पण पांढऱ्या कागदात बांधून दारोदार वाटायचा तो फक्त लग्नाआधी. पोरीचं लग्न ठरलं की आईबाप आळीत कोवोच पाठवतात. तो घेतला म्हणजे बातमी पक्की, साक्षीला सगळी आळी. त्या इमारतीत एकाच घरात कोवोच वाटून झाल्यावर लग्न मोडलं होतं. ते कुटुंब महिन्याभरात जर्मनीला गेलं, ते पुन्हा ख्रिसमसलाही आलं नाही.

“लग्न थोडंच आहे, तातो?” ती हसून म्हणाली होती.

“तू लग्न करशील याची वाट बघत बसलो तर माझ्या मयताला वाटावा लागेल कोवोच. हेच लग्न समज. निसा पुन्हा पाण्यात उतरतेय. पण नक्की आहे ना? एकदा वाटला की वाटला. तू सांग, वाटू का?”

मनाच्या त्या मागच्या खोलीच्या दारावर आतून कुणीतरी थाप मारली. यागोदाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

“वाट,” ती म्हणाली. “खुशाल वाट, तातो.”

गेरार्ड आला तो दुपारच्या जेवणाच्या सुमाराला. अंगात काळा कोट, त्यावर पितळी नांगराची बटणं, जुन्या नोकरीतला. पोटावर तो आता जेमतेम मिटत होता. दोन्ही हातांत कापडी पिशव्या. पोरांनी हेडफोन काढले. त्यातली दोघं उठून उभीच राहिली. फिल्ममधला आवाज चालत आत आला होता.

“नमस्कार, अध्यक्षसाहेब!” रादोशला बघून तो गरजला. “घसा धुऊन आलोय. सकाळपासून ना सिगारेट ओढली, ना कुणाला शिवी दिली. तिकीट तपासनीस दोनदा आला, तरी नाही दिली.”

“या, या, कुलिकसाहेब. काय हे, एवढं ओझं?”

“हे माझं नाही. कोवोच घेतला की उलट काहीतरी द्यायचं असतं. लग्न असतं तर ताटंवाट्या दिल्या असत्या. बार्जला काय देणार?” त्याने पिशवी टेबलावर रिकामी करायला घेतली. काजळीने काळा झालेला कंदील. टोकाला आकडा लावलेला काठीचा तुकडा. पितळी पाटी, नाव अर्धं झिजलेलं. “हा कंदील हिल्डाबाईचा. तिच्या नवऱ्याचा, रुडीचा म्हणजे. ती म्हणते, तुमच्या पोरीला सांगा, चित्र नीट बघून काढ म्हणावं, काच डावीकडून तडकलेली आहे. आणि म्हणते, आमच्या रुडीची बार्ज नुसती बाजूने जाताना दिसली तरी चालेल. वळणावर. त्याने हात हलवायचा, बस. आणखी काही नको.”

“वा,” रादोश म्हणाला. “काय सुंदर. कुलिकसाहेब, आज एक अडचण झालीय. ध्वनीचं यंत्र जरा बिघडलंय. आपण असं करू, पुढच्या महिन्यात...”

“तातो,” यागोदा म्हणाली. “यंत्र ठीक आहे. खेळ होणार नाही.”

रादोशने डोळे मिटले.

“होणार नाही म्हणजे?” गेरार्डच्या हातात ती पितळी पाटी तशीच राहिली. “उशीर होणार?”

“होणारच नाही.”

“पण मी पाहिला. सगळ्या बंदराने पाहिला.”

“ती फिल्म होती. तेवढंच आहे. निसाची फक्त डावी बाजू आहे, तातो. उजवी नाही. खाली खोली नाही.”

“खोली नाही?” म्हाताऱ्याला ते काही केल्या उमगेना. “धुराड्यातून धूर येत होता की. मला वाटलं, तुझी आई चुलीपाशी आहे.”

“धूर नुसता लावलाय.”

 पोरांपैकी एकाने खुर्ची पुढे सरकवली. गेरार्डने ती पाहिली पण बसला नाही. तो सावकाश रादोशकडे वळला.

“अध्यक्षसाहेब, तुम्ही माझ्या हातात हात दिलात. मागच्या खेपेला, इथेच. म्हणालात, आपण एकाच बोटीतले.”

“आणि आहोतच,” रादोश घाईने म्हणाला. “यात तुम्हाला फसवायचा कुणाचा हेतू नाही, शपथ. हा धंदाच असा आहे. आधी जाहीर करायचं, मग लोकांचं मन बघायचं. दहातला एखादा होतो. आमची पद्धत आहे ही, पहिल्यापासून. लपवलेली नाही. यागोदाला विचारा ना. आमच्या सगळ्या फिल्म तिच्याच तर हातच्या आहेत.”

“रादोश, गप्प बस,” यागोदा म्हणाली.

“का? खोटं आहे का?”

“दहातला एखादा नाही. आणि तू मला शब्द दिला होतास. गुडघा मारून दिला होतास! ठरवून बसला होतास आणि तरी माझ्याकडून माझं घर काढून घेतलंस, सभेत मिरवायला. तिथल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, तुझे शेअर चढले, संपलं.”

“चढले म्हणून तर तुम्हा सगळ्यांचे पगार होतायत! माझ्या एकट्याच्या घशात गेले का?”

“अहो, भांडू नका,” गेरार्ड म्हणाला. आवाज अगदी खाली आला होता. फिल्ममध्ये हा आवाज कधी ऐकू आला नव्हता. “अध्यक्षसाहेब, तुम्ही जा जरा. मला पोरीशी बोलायचंय.”

रादोश दोन पावलं मागे सरकला. गेला मात्र नाही. स्टुडिओ त्याचाच होता.

“फ्रेलका. अशी रीत आहे इथे, हे तुला ठाऊक होतं?”

“मला वाटलं आपला खरा आहे. त्याने...”

“ते नाही विचारलं मी. परक्याने फसवलं तर फसवलं. माझा तो कोण लागतो? मी विचारतोय, रीत ठाऊक होती का?”

“होती.”

“आधीच्या लोकांनी खुणा केल्या, वाट बघत बसले, त्यांचं काय झालं, तेही?”

“हो.”

“मी फोन केला त्या सकाळी?”

यागोदाने मान हलवली.

“तोंडाने सांग.”

“हो, तातो. ठाऊक होतं.”

“आणि मी काय विचारलं होतं?”

तिला ते वाक्य म्हणायचं नव्हतं. पण बापाचे डोळे हलत नव्हते. लहानपणी दोरीची गाठ चुकली की तो असाच बघत उभा राहायचा, ती स्वतः सोडवून पुन्हा बांधेपर्यंत.

“नक्की आहे ना, म्हणून. वाटू का, म्हणून.”

“तेव्हा तू ‘थांब’ म्हणाली असतीस, तर मी थांबलो असतो. ‘थोडे दिवस थांब, तातो.’ एवढंच. मी विचारलं का असतं तुला, का म्हणून? आयुष्यभर नदीवर थांबायचंच तर काम केलं मी. दरवाजा उघडेपर्यंत थांब, पाणी चढेपर्यंत थांब, धुकं उतरेपर्यंत थांब.” त्याने एकेक वस्तू उचलून पुन्हा पिशवीत भरायला सुरुवात केली, तडकल्या काचेच्या कंदिलाला फडक्यात गुंडाळून. “हिल्डा रोज विचारते. जिन्यात, दुकानात, चर्चमध्ये प्रार्थनेच्या मधोमध. रुडीचा हात कुठला हलवणार, डावा की उजवा? मी म्हटलं, उजवा, डाव्या हातात सुकाणू असतं. तर म्हणते, नाही, तो डावरा होता.”

“मला नाही म्हणता आलं नाही,” यागोदा म्हणाली. “तुझा आवाज... आई गेल्यापासून मी तुझा तसा आवाज ऐकला नव्हता. मला तो थांबवावासा वाटला नाही.”

गेरार्डचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू लागले. दुसरी पिशवी त्याने उघडलीच नव्हती. ती तशीच खांद्याला लावली.

यागोदा खुर्चीच्या पाठीवरचा कोट ओढू लागली. बाही उलटी निघाली, ती सुलटी करता करता ती भराभर बोलत होती. “मी येते तुझ्याबरोबर. आत्ताच येते. एकेका दारावर मी जाते, तू जाऊ नकोस. मी सांगते, बापाला काही माहीत नव्हतं, चूक सगळी माझी आहे. हिल्डाबाईकडे आधी जाते. तिला मी रुडी काढून देईन, माझ्या घरच्या मशीनवर, खेळ नसला तरी. आणि उजवी बाजूही करेन, खोलीसुद्धा करेन, मला येतं ते, रोज थोडं थोडं. तातो, ऐकतोयस ना? मी आलेलं चालेल ना तुला?”

गेरार्डने कोटाची बटणं खालून वरपर्यंत लावली, शेवटचं घशाशी घट्ट. दारापाशी उभ्या पोराने त्याच्यासाठी दार उघडून धरलं. त्या पोराला त्याने मान लववून आभार मानले, आणि पिशव्या सांभाळत, मागे न बघता, जिना उतरून निघून गेला.